आबांनी उपसलेली विहीर

पंचमीला माहेरी न्यायला आबा येणार म्हणून मी गाठोडं बांधून बसले होते, आणि आबांच्या आधी दारात आली ती पंचगंगा. नळ शहरात आले होते खरे, पण नदीकडच्या आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते. आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायचो. पूर ओसरला तेव्हा ती गढूळ पाण्यानं काठोकाठ भरली होती आणि तिच्यात मेलेले उंदीर तरंगत होते. घरोघरी जुलाब सुरू झाले.

तशात राधानगरीकडून आबा बैलगाडी घेऊन आले. विहिरीत डोकावले, तोंड वाकडं केलं आणि मला सोडून बैलांनाच म्हणाले, "चला रं, हितं काम हाय."

गाडीचे बैल मोटेला लागले. विहीर उपसायची, झऱ्यांनी भरू द्यायची, पुन्हा उपसायची. आबांनी स्वतः आत उतरून गाळ काढला. संस्थानच्या दरबारातून आलेल्या माणसानं औषधाची पूड टाकली तसं पाणी जांभळं झालं, तेही उपसलं. या सगळ्यात पंचमी होऊन गेली, माझा झोका राहिला, आणि मी आबांवर चांगली फुगून बसले.

तरी जीव तुटायचा. ते दिवसभर घामानं निथळायचे, पण आमच्याकडचा घोट घ्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ती कुणी काढली त्याला मी आजही दोन शिव्या हासडते. तहान लागली की आबा रंकाळ्याकडच्या एका सोयऱ्याकडे पायपीट करायचे.

शेवटी पाणी नितळ आलं. पहिला तांब्या मी त्यांच्यापुढं धरला.

"आबा, विहीर तुम्हीच उपसलीया. घोटभर घ्या की."

"लेकीच्या घरचं हाय ते. बैलास्नी पाज."

बैल मात्र डोणीत तोंड घालून पोटभर प्याले. मला त्या बैलांचासुद्धा राग आला.

निघताना मी तांब्या भरून पदराखाली धरला. शहर मागं पडल्यावर पुढं केला. "आता तर सासर न्हाय हे."

आबा हसले. "येडे, गाव सुटलं म्हणून पाणी बदलतंय व्हय? लेकरू हुंदे तुला, मग घागरच तोंडाला लावतो बघ."

पुढच्या वर्षी दिवाळीत मला मुलगा झाला. आबा त्याआधीच, पेरणीच्या दिवसांत, तापानं गेले होते.

बाळाला घेऊन सासरी आले त्याच दिवशी विहिरीवर गेले. नितळ पाण्यातून तळाचा दगड दिसत होता. तांब्या भरला आणि तशीच उभी राहिले. पुढं किती वर्षं त्या विहिरीचं पाणी प्याले, पण आबांसाठी भरलेला तो तांब्या मनातून काही खाली ठेवला गेला नाही.

आता चाललं असतं, आबा.