नख लागलेली सफरचंदं

कोपऱ्यावरच्या फळांच्या गाडीशी आमच्या सोसायटीतल्या एक बाई सफरचंदं नखाने खरवडून बघत होत्या. एक झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. "मेण चोपडतात मेले. नुसतं केमिकल!" असं म्हणून काहीही न घेता त्या निघाल्या. त्यांच्या नखांवरचं लालभडक पॉलिश उन्हात चमकत होतं.

माझं डोकंच फिरलं. ही कसली भीती, जी स्वतःच्या बोटांकडे बघत नाही आणि दुसऱ्याच्या मालाला मात्र खुशाल नखं लावते? घाबरलेला माणूस अंग चोरून उभा राहतो. आम्ही घाबरलो की उद्धट होतो, आणि वर तोरा असा, की जणू पोराबाळांचे प्राण वाचवून आलो.

फळवाल्या मावशी ती पाच फळं फडक्याने पुसत होत्या. खरवडलेल्या जागा तांबूस पडू लागल्या होत्या.

"आता ही कोण घेणार?" त्या म्हणाल्या.

"मला द्या किलोभर!" मी तावातावाने म्हणालो आणि स्वतःच निवडून पिशवी भरली.

मावशींनी ती तराजूत ठेवताना आत पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवीत नख लागलेलं एकही फळ नव्हतं.