कागदावरचा दुसरा मजला

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून तिने आणि नवऱ्याने घर बांधलं होतं. तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि दाराशी छोटा ओटा. नवरा गेल्यावर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली नणंद तिच्याकडे राहायला आली. दोघींचं जमेल का, अशी नातेवाइकांना शंका होती. पण एकीला बोलायला आवडायचं आणि दुसरीला मशीन चालवता चालवता ऐकायला, त्यामुळे घर छान चाललं.

कागदपत्रांचं मात्र टेलरबाईला वावडं. नवरा होता तोवर तो बघायचा. नंतर घराच्या विम्याचा एजंट दर वर्षी घरी यायचा, चहा घ्यायचा, सांगेल त्या आकड्याचा चेक न्यायचा. यंदा एजंटच निवृत्त झाला आणि विमा कंपनीची पॉलिसी थेट टपालाने दारात आली. हप्ता बघून टेलरबाईने मशीनवरचा पाय उचलला.

"वन्सं, जरा वाचा हो. एवढा हप्ता कशाचा?"

नणंदेने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि थांबली.

"वहिनी, वरचा मजला कधी बांधलास गं? मला दाखवला नाहीस तो."

कागदावर लिहिलं होतं : पक्कं बांधकाम, दोन मजले, एकूण सतराशे बत्तीस चौरस फूट. टेलरबाईने नकळत छताकडे पाहिलं. वर होता तो पोटमाळा. कापडाचे तागे ठेवायला नवऱ्याने फळ्या टाकून केलेला, उंची जेमतेम चार फूट. जुने कागद काढून पाहिले, तर पाच वर्षांपूर्वीच्या पॉलिसीत एकच मजला होता. त्यानंतर कुणीतरी माळ्याचा मजला केला होता आणि तेव्हापासून नसलेल्या मजल्याचा हप्ता दोघी भरत होत्या.

फोन करायचं काम नणंदेकडे आलं. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेली बाई. ताटकळत राहण्याची तिला भीती नव्हती. फोनचा आवाज मोठा करून तिने तो टेबलावर ठेवला आणि मटार सोलायला घेतले. यंत्रातली बाई सांगत होती, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अर्धा किलो मटार सोलून झाले तेव्हा एक तरुण मुलगा बोलला.

"मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये दोन मजले दिसतायत."

"तुमच्या सिस्टीममध्ये असतील बाळा. आमच्याकडे जिनाच नाही, तर वर जायचं कसं?"

"मग तुम्हाला दुसरा मजला नसल्याचा पुरावा द्यावा लागेल."

नणंद गोड आवाजात म्हणाली, "देऊ की. आधी तक्रारीचा नंबर सांग. मी लिहून घेते आणि तुला वाचून दाखवते, म्हणजे तुझीही चूक नको आणि माझीही."

नंबर मिळाला, आठवड्याने पत्रही आलं : पुराव्याअभावी तक्रार बंद. नणंदेचा पारा चढला. टेलरबाईने मात्र गळ्यातली टेप काढली, तिचं दुसरं टोक नणंदेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा कोपऱ्यात. सैल सोडू नका."

दोन दुपारी दोघींनी घर मोजलं. कपाटं सरकवली, नणंद पलंगाखाली शिरली आणि तिथून ओरडून आकडे सांगत राहिली. मग गिऱ्हाइकाचा कोट बेतावा तसं टेलरबाईने खाकी कागदावर अख्खं घर बेतलं. भिंती, दारं, खिडक्या आणि वर तुटक रेषांनी पोटमाळा.

तो कागद घेऊन दोघी कंपनीच्या ऑफिसात गेल्या. साहेबीणबाई कामात होत्या. टेलरबाईने त्यांच्या टेबलावरचा पेला बाजूला केला आणि कागद पसरला.

"हे माझं घर. यात दुसरा मजला कुठे बसतो ते तुम्ही दाखवा. तुम्हाला सापडला तर मी पैसे भरते."

साहेबीणबाईंनी कागदावरून बोट फिरवलं, माळ्यापाशी थांबल्या आणि त्यांना हसू फुटलं. "उद्याच सर्व्हेअर पाठवते," त्या म्हणाल्या.

सर्व्हेअर अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. घडीच्या शिडीवरून तो माळ्यावर चढला खरा, पण उभं राहायला गेला आणि डोकं छताला आपटलं.

"याला मजला कोण म्हणतं?" तो डोकं चोळत म्हणाला.

"तुमची कंपनी," खालून नणंदेचं उत्तर.

मग त्याने बाहेरून घर मोजलं आणि आकडा सांगितला : आठशे सहासष्ट.

टेलरबाईचा चेहरा बदलला. "सातशे ऐंशी. माझं माप चुकत नाही."

"चुकलेलं नाही, आई. तुम्ही आतून मोजलंत. विम्यात भिंतींची जाडीही धरतात. घर पडलं तर भिंतीही बांधाव्या लागतील ना?"

तिने क्षणभर विचार केला. अस्तराशिवाय कोटाचं माप धरत नाहीत, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि लिहिताच आहात तर हेही लिहा, घरात शिलाईच्या दोन मशीन आहेत. मी धंदा करते."

नणंदेने तिला कोपराने ढोसलं. सर्व्हेअर गेल्यावर ती म्हणाली, "न विचारता कशाला सांगितलंस? हप्ता थोडा वाढणार आता."

"वाढू दे. खोट्या मजल्यासाठी त्यांच्याशी भांडायचं आणि खऱ्या मशीन लपवायच्या, हे मला जमायचं नाही."

नणंद पुटपुटत आत गेली, पण संध्याकाळी हाच किस्सा तिने शेजारच्या तीन घरी अभिमानाने सांगितला.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. नोंद दुरुस्त केली होती, चार वर्षांचे जादा घेतलेले पैसे खात्यात जमा झाले होते आणि शेवटी झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरीची एक ओळ होती. ती ओळ नणंदेने दोनदा मोठ्याने वाचली.

त्या पैशांतून काय आणायचं यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ओट्यावर बसायला वेताच्या दोन खुर्च्या ठरल्या. दुकानदाराने सांगितलं, या बसतील ओट्यावर. टेलरबाईने तरी टेप लावून बघितली. खुर्च्या बसत होत्या, शिवाय चहाच्या स्टुलाला चौदा इंच जागा उरत होती. मग दोघी स्टूल बघायला पुढच्या दुकानात गेल्या.