एकसष्ट गाड्यांची खंडेनवमी

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेचं एक कपाट आहे. त्यात एकसष्ट लष्करी वाहनं आहेत आणि त्यातलं एकही जागचं हलत नाही. जीप आहेत, ट्रक आहेत, रणगाडे आहेत, आणि बोटी आहेत. बोटी म्हणजे महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या. तळ चपटा, पुढचं तोंड सपाट, दारासारखं. वाळूला टेकलं की ते दार धाडकन खाली पडायचं आणि आतली माणसं बाहेर धावायची. या सगळ्या मी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडल्या, घासल्या, रंगवल्या. सगळ्यात मोठी बोट माझ्या वीतभर, सगळ्यात लहान जीप काडेपेटीएवढी. पाहुणे विचारतात, "नाशिकला समुद्र कुठाय हो?" तीस वर्षं हाच विनोद ऐकतोय. आता त्यावर हसायचाही कंटाळा येतो.

हे खूळ लागलं देवळाली कॅम्पला. लहानपणी सुट्टीत आत्याकडे जायचो, तेव्हा तिच्या घरासमोरून तोफा ओढणारे ट्रक जायचे आणि मी फाटकावर बसून त्यांची चाकं मोजायचो. बाकीची पोरं सैनिकांना सलाम ठोकायची. माझं लक्ष चाकांकडे. पुढे अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो. तिथं दिवसभर केसाहून बारीक मापं धरायची आणि घरी येऊन पुन्हा तेच, फक्त प्लॅस्टिकमध्ये. लोक दमून आले की टीव्ही लावतात. मी दमून आलो की चिमटा हातात घ्यायचो.

बायकोनं या प्रकाराला कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी कौतुकही केलं नाही. ती सटाण्याकडची. कांद्याच्या खळ्यावर वाढलेली, त्यामुळे ज्याचा उपयोग नाही अशा वस्तूकडे ती शांतपणे बघू शकते. आमच्यात एक न बोललेली वाटणी होती. कपाटाची काच बाहेरून ती पुसायची, आतलं सगळं मी. तिनं आत कधीही बोट लावलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका जीपचं स्टिअरिंग बसवत होतो. नखाच्या टोकाएवढं चाक. चिमट्यात धरलं आणि ते थरथरायला लागलं. आधी वाटलं, पंखा. पंखा बंद होता. तीन दिवस प्रयत्न केला आणि शेवटी ती जीप बिनस्टिअरिंगचीच कपाटात ठेवली, तोंड भिंतीकडे करून. माझ्यासारख्या माणसानं असं करणं म्हणजे हद्द झाली. ज्या हातांनी नोकरीभर दुसऱ्यांनी घडवलेले सुटे भाग मापून नापास केले, तेच हात आता नापास.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, कमी होईल, जाणार नाही, हळूहळू वाढेलही. मी गोळ्या रंगांच्या डब्यात ठेवल्या आणि घरी काही बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगतो, कारण त्यात शौर्य काही नाही. माझी सासू चार वर्षं अंथरुणावर होती. बायको दर पंधरा दिवसांनी बसनं सटाण्याला जायची, आठ-आठ दिवस राहायची, उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं करायची. सासू गेल्यावर ती महिनाभर नुसती झोपत होती. दुपारी, संध्याकाळी, जेवता जेवता. तिचं तोंड बघून मी ठरवलं, या बाईला आता कुणाचंही करायला लागता कामा नये. निदान इतक्यात नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिच्या हातून घास घ्यायची भीती.

मग स्वतःशी एक तडजोड केली. एक मोठी बोट आणून ठेवलेली होती, बरेच दिवस न उघडलेली. ती पुरी करायची. हीच शेवटची. ती कपाटात गेली की त्या संध्याकाळी बायकोला सांगून टाकायचं. गणपतीत सुरुवात केली. ती बाजारात किंवा शेजारी गेली की मी टेबलाशी. एक भाग चिकटवायला पूर्वी मिनिट लागायचं, आता अर्धा तास. कोपर टेबलावर दाबायचं, उजव्या मनगटाला डाव्या हातानं धरायचं, श्वास रोखायचा. श्वास रोखून रोखून जीव मेटाकुटीला यायचा. तरी नवरात्रापर्यंत सांगाडा उभा राहिला, रंगाचा पहिला हातही झाला. उरले होते कठडे आणि आतली माणसं.

खंडेनवमीच्या सकाळी झेंडू आणायला जातो म्हणून निघालो आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, बारीक कामं आता सोडा. येताना फुलं घ्यायची विसरलो.

घरात शिरलो तर कपाट सताड उघडं. एकसष्टच्या एकसष्ट गाड्या हॉलमध्ये चादरीवर ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं. ओल्या बोटानं, ठसठशीत. जीपना बॉनेटवर, रणगाड्यांना तोफेच्या बुडाशी, बोटींना त्या सपाट दारावर. दोस्त राष्ट्रं, जर्मन, कुणालाही वगळलं नव्हतं. झेंडू तिनं आदल्या दिवशीच आणलेला होता, मला न सांगता. अख्खं फूल ठेवलं असतं तर जीप त्याखाली गडप झाली असती, म्हणून प्रत्येकीवर एकच पाकळी. माझ्या टेबलावरची अर्धवट बोटही त्यांच्या शेजारी होती. चिमटा, ब्रश, कानस, पातं, सगळं ताटात. उदबत्तीचा धूर वर चाललेला.

बिनचकाकीचा रंग कुंकू टिपकागदासारखा पितो. हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. डोक्यात तिडीक गेली.

"हे काय केलंस? कुणी सांगितलं होतं तुला?"

"अहो, खंडेनवमी आहे," ती म्हणाली. "कारखान्यात नव्हता का करत तुम्ही? मशीनला, मापांना?"

करत होतो. तीस वर्षं मीच हार घालायचो, मीच मायक्रोमीटरला कुंकू लावायचो आणि दसऱ्यानंतर मीच पुसायचो. पण मायक्रोमीटर पोलादाचा असतो. हे सगळं नीट सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, "कळत नाही त्याला हात कशाला लावतेस? आयुष्यभर नाही लावलास तर आताच कुठून हौस आली?"

चिडली की तिच्या तोंडात माहेरची बोली येते. "त्यामा काय शे इतलं?" त्यात काय आहे एवढं, इतकंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाजही आला नाही. आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी शेवटची बोट उचलून टेबलाशी बसलो. दारावरचं कुंकू अजून ओलसर होतं. वाटलं, थिनरचा बोळा हलकेच फिरवला तर निघेल. थिनरची बाटली उघडली, कापूस काडीला गुंडाळला. हात रागानं थरथरत होता की नेहमीसारखा, ते कळायला मार्ग नव्हता. काडी बाटलीच्या तोंडाशी नेली, ती तोंडावर वाजली, मनगट धरायला डावा हात पुढे केला आणि त्याच हातानं बाटली आडवी झाली. सगळं थिनर बोटीवर.

जोडणाऱ्यालाच माहीत असतं की थिनरनं प्लॅस्टिक लोण्यासारखं होतं. मी घाईनं बोट उचलली आणि तिची एक बाजू माझ्या अंगठ्याखाली आत दबली. ठसा उमटला, रेघारेघांसकट. गणपतीपासूनचं सगळं काम मिनिटभरात गेलं. मी ती बोट हातात धरून नुसता बसून राहिलो. रडू आलं नाही. फार थकवा आला, सगळ्या अंगातून, टाचांपर्यंत.

वासानं ती बाहेर आली. टेबल पाहिलं, मला पाहिलं.

"बाटली निसटली," मी म्हणालो. "तेलकट होती."

ती फडकं घेऊन आली आणि पुसायला लागली. माझ्या हातातून बोट काढून घेतली, वर्तमानपत्रावर ठेवली. मग माझी बोटं एकेक करून पुसली. मी हात मागे घ्यायला गेलो तर तिनं सोडला नाही. तिच्या मुठीतही तो थरथरत होता.

"उन्हाळ्यापासून तुम्हाला चहा अर्धा कप देते मी," ती म्हणाली. "दोनदा करून. का देते, विचारलंत कधी?"

नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं, माझ्या पित्तासाठी.

"सांडायला लागला होतात. अर्धा असला की सांडत नाही."

ती फडकं घडी करत राहिली. घडी झाली तरी करत राहिली.

"पूजा काय त्या खेळण्यांची केली मी? हातांना यश येऊ दे म्हणून केली. तुमच्या हातांना कुंकू लावायला गेले असते तर लावू दिलं असतंत?"

"तू आत्ताच तर सुटलीस," मी म्हणालो. "आईचं चार वर्षं केलंस. आता परत माझं."

"दमले होते," ती म्हणाली. "दमले नव्हते असं नाही म्हणत. पण सहा महिने तुम्हाला काही कळू न देता तुमचं करतेय, त्यानं जास्त दमले. सारखं बघायचं आणि बघितलंच नाही असं दाखवायचं. ते नाही आता होत मला."

तेव्हा मी सांगितलं. गोळ्या, डॉक्टर, वाढवलेली गोळी, सगळं. माझं सांगून झाल्यावर ती उठली, आत जाऊन चहा टाकला आणि घेऊन आली. कप काठोकाठ भरलेला होता. माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. कपाखाली स्वतःचा तळहात धरून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मी प्यायला लागलो. थोडा सांडला, माझ्या लेंग्यावर आणि तिच्या हातावर.

"सांडू दे," ती म्हणाली. "प्या."