कॅमेऱ्याचा पाळीचा ताप

आमची बोट पहाटे मालवणसमोर उभी राहिली, तेव्हा सिंधुदुर्गाचा तट नुकताच पाण्यातून वर आल्यासारखा काळा दिसत होता. किनाऱ्यावर नेणारा पडाव (होडी) येईपर्यंत एक फोटो घ्यावा म्हणून मी नवा कॅमेरा उघडला. उजेड कमी होता, तेव्हा दुकानदाराने शिकवल्याप्रमाणे चकती फिरवली आणि कळ दाबली. 'टिक्' झाले आणि मागोमाग आतून 'कुर्र' असा आवाज आला. कॅमेरा घेऊन चारच दिवस झाले होते. सोबतचे माहितीपत्रक जर्मन भाषेत, आणि दुकान राहिले पुण्यात.

धक्क्यावर माझा कॉलेजातला मित्र वसंता घ्यायला आला होता. दुपारी त्याच्याबरोबर बाजारात दोन फोटो काढले. आवाज नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांचा काढला, पुन्हा 'कुर्र'. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. रात्री बांगड्याचे तिखले आणि सोलकढी वाढताना वसंताच्या आईने, म्हणजे काकींनी, निदान केले.

"सकाळ-संध्याकाळ येता नि दुपारी उतरता? पाळीचो ताप तो. किराइताचो कडू काढो पाजा."

वसंता हसला. मी कॅमेरा उशाशी घेऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकींची नेहमीची मासळीवाली सावित्रीबाई आली. टोपलीवरचा हात न काढताच तिने मला विचारले, "मास्तरानू, उद्या माझा चेडू (मुलगी) रेडी गावाक सासरी जाता. आमचो दोघींचो एक फोटो काढशात?"

मायलेकींचा एकत्र फोटो आजवर निघालाच नव्हता. सावित्रीबाई बाजारातून परतणार तिन्हीसांजेला, म्हणजे नेमकी तापाची वेळ. मी तोंडभर हो म्हणालो आणि ती जाताच वसंताला घेऊन बाजारातल्या घड्याळजीकडे धावलो.

म्हाताऱ्या घड्याळजीने कॅमेरा कानाला लावला, चकती एकेक घर फिरवत कळ दाबून पाहिली. दर वेळी आतली फिल्म वाया जात होती.

"रोग नाय ह्यो," तो म्हणाला. "आत घड्याळ आसा. लख्ख उजेडात डोळो पटकन मिटता. काळोखात तो जरा उघडो ठेवचो लागता, तितको वेळ ह्यां मोजता. मोजता म्हणान वाजता. वाजाचा बंद झाला, तर माझ्याकडे घेवन या."

म्हणजे दोन दिवस बिचारा आपले काम चोख करत होता आणि मी त्याची नाडी पाहत बसलो होतो.

संध्याकाळी सावित्रीबाईच्या पडवीत मासळीच्या उपड्या पाटीवर कॅमेरा ठेवला. मायलेकी भिंतीला टेकून बसल्या. लेक शेवंती नव्या लुगड्यात अवघडली होती. मी बजावले, "कुर्र संपेपर्यंत कुणी हलायचं नाही." दोघींनी श्वास रोखला. मी कळ दाबली. आवाज चालू असतानाच सावित्रीबाईने मान वळवली.

"हललंय मी?" तिने विचारले.

"थोड्या," मी म्हणालो. रोल तिथेच संपला होता, आणि सकाळच्या गाडीने शेवंती गेली.

पुण्यात फोटो धुऊन आला. शेवंती स्वच्छ, लुगड्याची किनारसुद्धा मोजावी अशी. आईचा चेहरा मात्र पुसल्यासारखा, लेकीकडे वळत गेलेला. तो पाठवावा की नाही, यात माझे आठ दिवस गेले. शेवटी माफीच्या चार ओळी लिहून वसंताकडे पाठवला.

त्याचे उत्तर आले. सावित्रीबाईने फोटो पडवीतच लावला आहे. चेहरा नीट आला नाही असे शेजारीण म्हणाली, तर तिने तिला सांगितले, "बरोबर इलो आसा. मी तेव्हा तिच्याकडेच बघी होतंय."

त्यानंतर मी पुष्कळ हिंडलो, पुष्कळ नीटनेटके फोटो काढले. ते दाखवा म्हणून मला कुणी सहसा म्हणत नाही.