वयोमानानुसार

कमळूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोपोलीत झेरॉक्सच्या दुकानात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "काका पहाटे गेला गं," वाडीतून कोणीतरी बोललं. आणि मी काय विचारलं? "दाखला कोणी दिला? कारण काय लिहिलंय?" पलीकडून आलं, "निमोनिया म्हनं." लिहिणारच, मी मनात म्हटलं, दुसरं काय लिहितील! रडू आलं ते नंतर, टमटममध्ये, चौक गाव यायच्या थोडं आधी. संशय माझ्याकडे आधी पोचतो, दुःख मागून चालत येतं. या लेखात त्याच संशयाचा हिशेब आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही, हे वाचणाऱ्यांनी धरूनच चालावं.

कमळूकाका चौकच्या मागे, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला. माझे अब्बा आणि तो दुसरीपर्यंत एका वर्गात. पुढे काका गुरांमागे गेला, अब्बा हायवेवरच्या गॅरेजात. दर रविवारी तो गॅरेजवर यायचा, पिशवीत रानभाजी, कधी शेवळं, कधी करटोली, आणि दोघं उलट्या टायरवर बसून एकमेकांची लाज काढायचे. "अरं हसन, दुनियेच्या गाड्या दुरुस्त केल्यास, सोताची एक नाय झाली तुला?" काका म्हणायचा. अब्बा म्हणायचे, "तू जल्मभर डोंगर फिरलास, एक दगड तरी झाला का रं तुझ्या नावावर?"

तो दगड नावावर करायला मी निघाले. कॉलेज सुटलं होतं, संघटनेत नवी होते, घोषणा पाठ होत्या. वाडीचा वनहक्काचा दावा आम्ही भरला. वरच्या वरकस, डोंगरउताराच्या जमिनी वाडी पिढ्यान्‌पिढ्या कसतेय, हे सांगणारा वडीलधाऱ्या माणसाचा जबाब त्याला जोडायचा होता. वाडीतले जुने बापये बहुतेक गेलेले. काकाला मात्र एकेक बांध, एकेक ओहोळ तोंडपाठ, शिवाय साहेबासमोर बोलायला न घाबरणारा. नेमका त्याच्याकडे तोवर धड कागद नव्हता. आधार कार्डाच्या शिबिरात टेबलामागच्याने विचारलं, "वय?" काका म्हणाला, "तुमीच बगा, किती दिसतंय." मी मागून वाकून सांगितलं, "अडुसष्ट लिहा." त्याने एक जानेवारी टाकून वर्ष बसवलं. रांग हसली. काका तर सगळ्यांत मोठ्याने, "बरं झालं, उद्यापासून हसन माज्या पाया पडंल!" परत येताना मी त्याच्याकडून घोकून घेतलं: कोणी विचारलं तर काय सांगायचं? अडुसष्ट. दर वर्षी एक वाढवायचा. काका खरं तर अब्बांच्याच वयाचा, म्हणजे तेव्हा बावन्नचा; एवढ्या वयाला वडीलधारा कोणी मानलं नसतं. सरकारला कागद हवा होता, आम्ही दिला. यात पाप कसलं, असं मला वाटलं होतं, आणि ते मी ऐटीत सांगायचे.

तोवर काकाला ड्रमच्या कामाला लागून बरीच वर्षं झाली होती. आमच्याकडे हे काम लपलेलं नाही. रसायनीच्या कारखान्यांकडून येणारे रसायनांचे रिकामे ड्रम रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरतात, तिथे थिनर ओतून, आत वाकून, घासून साफ होतात आणि पुन्हा विकले जातात. तोंडाला बांधायला फडकं, तेही घरचं. एका रविवारी काकाच्या हातातून चहा सांडला, मग पुढच्या रविवारीही. चालताना पाय फाकून टाकू लागला, होडीत उभ्या माणसासारखा. ठेकेदाराने सांगितलं, पितो. वाडीतही दोघेतिघे म्हणाले, पीत असंल. लिहायला लाज वाटते, पण लिहितेच: मी एकदा बोलायच्या निमित्ताने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. गॅरेजमध्ये रंग मारताना येतो, तो होता… काकाला कळलं. "काय गं, मीटर लावलास का?" एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

शेडमध्ये एकदा तो पडला तेव्हा ठेकेदाराने स्वतःच्या गाडीतून नेऊन त्याच्या डोक्याचा एमआरआय काढवला. स्वतःच्या गाडीतून! ज्याने कधी हातमोजा दिला नाही, तो माणूस एकाएकी एवढा दयाळू का होतो? अहवाल एका पानाचा, इंग्रजीत. मेंदूच्या पांढऱ्या भागात पसरलेले डाग, मेंदू आणि लहान मेंदू आकसलेला. आणि शेवटी निकाल दिल्यासारखं: हे बदल वयोमानानुसार, लक्षणांशी ताडून पाहावे. ठेकेदाराने त्याची प्रत ठेवून घेतली आणि सांगितलं, "काही नाही, म्हातारपण आहे. झेपेल तसं ये कामाला." काका कामाला गेला. आणखी सात महिने तो त्या ड्रममध्ये वाकत होता.

त्या सात महिन्यांत मी काय केलं? मी एमआरआय काढणाऱ्या सेंटरच्या मागे लागले. तपासणारा आणि ठेकेदार यांचं साटंलोटं असणार, याची मला खात्रीच होती. सेंटरबाहेर उभी राहून ठेकेदाराची गाडी पुन्हा येते का ते पाहिलं. 'डाग मेंदूवर की अहवालावर?' अशा मथळ्याचं पत्रक काढलं. अब्बा म्हणाले, "पत्रक वाचलं. पन कमळूला दुसऱ्या डॉक्टरकडं कोन नेनार?" मला राग आला. अब्बांनाही कोणी भेटून गेलं की काय, असं क्षणभर मनात आलं… स्वतःच्या बापाबद्दल!

शेवटी मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. सोबत काकाची आई, ठमीआजी. काकाची बायको आधीच वारलेली, त्यामुळे औषधपाण्याचं सगळं आजीकडे. मेंदूच्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई, थकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फिल्म उजेडावर लावली, बराच वेळ पाहिली, मग काकाला बोट नाकाला लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं. "वय?"

"एकाहत्तर," काका खणखणीत म्हणाला. त्या दिवसांत तो घरचा रस्ता विसरायचा, माझं नाव विसरायचा. एवढं एक विसरला नव्हता.

"आणि ह्या कोण?"

"माजी आई."

डॉक्टरांनी आजीचं कार्ड मागून घेतलं. चौऱ्याहत्तर. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "आजी, तुम्ही तिसऱ्या वर्षी बाळंत झालात का?"

आजी हसली. "नाय बा. लगीन होऊन आले, चवथ्या वर्साला हा झाला. थोरला माजा." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या तेव्हा मी म्हटलं, "पंचावन्न असेल. वय आम्ही… मी वाढवून लिहिलंय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला शेजारी बोलावून फिल्मवर बोट ठेवलं. "फोटो कारण सांगत नाही, ताई. डागावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. रक्तदाब, साखर, दारू, जीवनसत्त्वाची कमतरता, असल्या वाफा, बऱ्याच गोष्टी डाग पाडतात. वय हीसुद्धा त्यातलीच एक. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे असे डाग, असा आकसलेला मेंदू बघितला की तपासणारा वयावर सोडून देतो. पंचावन्नच्या माणसाचे हेच फोटो असते तर त्याने लिहिलं असतं, कारण शोधा. शोधलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, काम काय करतो." मग काकाकडे वळून त्यांनी तेच विचारलं. काकाने हाताने ड्रम घासून दाखवला, वाकून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे काम आजपासून बंद. आधी बंद झालं असतं तर… किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही. पडला असता कदाचित."

म्हणजे सेंटरमधल्या माणसाने समोर जे वय आलं ते धरून लिहिलं होतं. साटंलोटं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही, आणि ठेकेदाराबद्दलचा माझा संशय तसूभरही कमी झालेला नाही. पण काकाला पुन्हा शेडमध्ये पाठवणारा 'वयोमानानुसार' हा एक शब्द माझ्या अडुसष्टमधून आला होता.

काम सुटलं. काका पुढे पाच महिने होता, अंगणात बसून. मी म्हटलं, वय दुरुस्त करू, शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव सापडेल, नवा अहवाल मिळेल, शेडवर बोट ठेवता येईल. त्याने बराच वेळ विचार केला, शब्द जुळवले. "आनि जमीन?" प्रांत कार्यालयातली सुनावणी बाकी होती. वडीलधारा खोटा ठरला तर वाडीचा जबाब गेला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. मी राहू दिलं. सोपं पडलं मला.

परवा वाडीवर गेले. वाडीतले चौघे अजून त्याच शेडमध्ये जातात, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या की फिल्म आणि खऱ्या वयाचा पुरावा आणा, मी लेखी मत देईन. फिल्म शोधावी लागली नाही. कारवीच्या कुडाची भिंत एके ठिकाणी मोडली होती, तिथे आजीने ती आतून खोचली होती. सकाळचं ऊन त्यातून येत होतं आणि चुलीवरच्या टोपावर काकाच्या मेंदूचे राखाडी गोल पडले होते. मी चाचरत सगळं सांगितलं. वय खरं केलं तर त्या चौघांसाठी भांडता येईल, पण जमिनीचा जबाब जाईल. तू म्हणशील तसं.

आजी उठली, फिल्म ओढून काढली, माझ्या हातात दिली. "पोराचं खरं लिव. आनि जमिनीचा जबाब मी देते."

"तू?"

"मग कोन? ते बांध मी आनि माज्या सासूनं घातलेत. चार सालं हिंडलीस वाडीवर, चा पिऊन गेलीस. मला कदी इचारलंस?"

नाही विचारलं. बायकांच्या हक्कांवर पत्रकं काढणाऱ्या मला, डोळ्यांसमोर बसलेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई वडीलधारी दिसली नव्हती.

तशीच ती मला वर घेऊन गेली, काठी टेकत, माझ्यापुढे. एकेक बांध दाखवत होती, मी लिहीत होते. एका आंब्याखाली थांबली. खालची फांदी वाकलेली, एका जागी साल गुळगुळीत झालेली. "हितं झोळी बांदायचे त्याची. त्या साली खालचा बांद घातला आमी." तिने तळहात फांदीवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

मी विचारलं, "आजी, साल कोणतं लिहू?"

"साल मला नाय ठावं गं," ती म्हणाली. "पन माज्याएवढा नव्हता तो. तेवडं लिव."