जागेवर जाऊन बघणारा

जालना जिल्ह्यात असा एकही दगड उरला नसेल, ज्याच्यापुढं उकिडवं बसून माझ्या आतेभावानं तो नेमका कुठं आहे याची नोंद केलेली नाही. माणसं देवळात गेली की आधी हात जोडतात. हा आधी मोबाइल वर धरून देव कोणत्या अक्षांशावर बसलाय ते बघतो आणि मग चप्पल काढतो. 'जवळच आहे', 'थोडं पुढं', 'वडाच्या अलीकडं' असल्या शब्दांची त्याला खरोखर शिसारी आहे. अंबडच्या स्टँडवर एका बाईनं सहज विचारलं, "दादा, कोर्ट कुठंय हो?" तर यानं तिला अंश, मिनिटं आणि सेकंद सांगितले. बाईला वाटलं, आपल्या तारखेला तेवढाच वेळ उरलाय. बिचारी पदर खोचून धावत सुटली.

भूगोल घेऊन बी. ए. झाल्यावर तीन वर्षं तो घरीच होता. मग कुठल्याशा व्हिडिओत त्यानं जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, पाहिलं आणि थेट माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन धडकला. "भौ, नकाशावर थर चढवायचे. एक रस्त्यांचा, एक विहिरींचा, एक घरांचा. मंग कुठं काय हाये, बराबर कळतंय." माझ्या आत्यानं, म्हणजे त्याच्या आईनं, हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तलाठ्याचंच काम की रं. फकस्त पगार न्हाई." तिनं त्याला मुदत घातली. पेरणीच्या आत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर माझ्या धाकट्या काकांच्या खताच्या दुकानात कायमचं बसायचं. आत्याचा शब्द म्हणजे शब्द, तिथं अपील चालत नाही.

सहा महिने तो एसटीनं संभाजीनगरला क्लासला गेला आणि जे जे शिकला ते घरादारावर आजमावलं. एखाद्या गोष्टीचा परिणाम किती लांब पोचतो ते दाखवणारा घेर काढायला शिकला, त्या दिवशी आत्याला दारात उभी केली. "माय, तू नुसती जेवायला हाका मारत राह्य. मी ऐकू येईना होईस्तोवर चालतो." आत्या पाऊण तास हाका मारत होती. गल्लीतली दोन माणसं हात धुऊन आली. नकाशा मात्र तयार झाला: आत्याचा आवाज उगवतीला कोर्टापर्यंत जातो आणि मावळतीला दाळमिलच्या घरघरीत अडतो. तो नकाशा मी माझ्या खर्चानं रंगीत छापून दिला. मीही मूर्खच.

बहिणीच्या लग्नपत्रिकेवर त्यानं पत्ता छापूच दिला नाही. मंडप धावडा गावात, पण पत्रिकेत नुसते अक्षांश आणि रेखांश, आणि तेही गडबडीत उलटे पडलेले. मोबाइलवर टाकले की मंडप उत्तर ध्रुवाच्या अलीकडं, बर्फाळ समुद्रात. वराच्या काकांचा फोन आला, "स्वेटर घालून यावं, का नुसती शाल चालंन?" हा निर्लज्ज म्हणतो, "आकडे दोन्ही बराबर हायेत की, फकस्त क्रम चुकला." सगळ्या पत्रिका मी हातानं दुरुस्त केल्या.

अखेर पुण्यातल्या एका कंपनीनं त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम घरूनच. उपग्रहाच्या फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक घराभोवती पुण्यातल्या पोरांनी रेघ ओढलेली असायची. ती यानं तपासून घरं मोजायची. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर खताचं दुकान. बाकीचे तपासणारे दिवसाला चार गावं उरकायचे, याला चार दिवसांत एक आष्टी उरकेना. "भौ, वरून काय बी दिसतंय. जागेवर जाऊन बघितलं पायजे." झालं! मोटरसायकल माझी, पेट्रोल माझं, ऊन तेवढं दोघांचं.

आष्टीच्या नकाशात शिवारभर घरंच घरं होती. पहिल्या घरापाशी पोचलो तर तिथं कडब्याची गंजी. शेजारी एक चाचा म्हशीला पाणी दाखवत होते.

"चाचा, यहाँ घर था ना?"

"घर कायका बेटा? कडबा है. भैंस का खाना."

"मगर नक्शे में तो घर है. इसमें रहता कौन?"

"चूहे रहते. नाम लिखना क्या?"

यानं खरंच वही काढली. मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. पुण्यातल्या पोरांनी गंज्यांनाच घरं समजून रेघा ओढल्या होत्या. वरून लांबट चौकोन, एका बाजूला सावली, अगदी छपरासारखंच दिसणार. ज्यांनी जन्मात कडब्याची पेंढी उचलली नाही, त्यांना काय बोलायचं?

त्यानं कंपनीच्या साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "अहो, काम लवकर द्यायचंय. घर धरून टाका."

"साहेब, तिथं माणूसच राहत न्हाई. मी कुठून आणून ठिवू?"

त्यानंतर ते तीन महिने संपेपर्यंत हा गंज्या हुडकत हिंडला. प्रत्येक गंजीवर हात ठेवून स्वतःचा फोटो, खाली तारीख आणि जागा. उन्हाळा चढला तशा गंज्या उतरू लागल्या. मग त्या फोटोंखाली हा लिहू लागला, 'हे घर म्हशीनं निम्मं खाल्लं आहे.' साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं: उद्यापासून काम पाठवू नका.

मला त्याच्यावर चांगलं ओरडायचं होतं, पण त्याचं तोंड बघून जीभ रेटेना. "एक रेघ राहू दिली असती तर काय बिघडलं असतं रे?" एवढंच विचारलं.

तो म्हणाला, "खोटं घर लिवलं, की खऱ्या घराला कोण इचारतंय भौ?"

दुसऱ्या दिवसापासून तो खताच्या दुकानात बसला. युरियाची गोणी मागायला आलेल्या माणसाला शेताचे चारी कोपरे विचारायचा. आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली आणि काकांनी मला फोन करून विचारलं, "ह्याला परत कुठं नेऊन सोडता येईल का?"

मे संपत आला असताना पुण्याहून साहेबांचा त्याला फोन आला. आवाज पार उतरलेला. उपग्रहाचा नवा फोटो आला होता आणि आष्टीच्या शिवारात साहेबांनी धरून टाकलेली घरं त्यात दिसत नव्हती. "वरचे लोक विचारतायत, गावाला आग लागली का पूर आला? एवढी घरं गेली कुठं?"

"खाल्ली साहेब."

"कुणी?"

"म्हशींनी. थोडी बैलांनी."

मग साहेबांनी हळूच विचारलं, ते हात ठेवलेले फोटो अजून आहेत का. होते, सगळे होते, तारखेसकट! आठ दिवसांत कायम झाल्याचं पत्र आलं, तेही पेरणीच्या आत. आत्या गल्लीभर पेढे वाटताना सांगत होती, "म्हशीच्या पुण्याईनं लागला बाई नोकरीला." मीही दोन पेढे जास्तच खाल्ले.

आता तो पुण्यात असतो. पगार वेळेवर होतो, ऑफिसात गारवा आहे. काम मात्र सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहराचं. तिथल्या छपरांभोवती रेघा ओढायच्या आणि अंगणात जे दिसेल ते नोंदवायचं. इकडं माझं दुकान सुरळीत चालतं, डोकं खायला कुणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर अजिबात करमत नाही. गेल्या रविवारी त्याचा फोन आला.

"भौ, एका घराच्या अंगणात लाल काई तरी दिसून राह्यलंय. चटई हाये का वाळू घातलेल्या मिरच्या, कळंना."

"मग काय केलंस?"

"चटई टाकली." मग स्वतःच म्हणाला, "न बघता टाकली भौ."

मी उगीच म्हणालो, "मिरच्याच असतील रे."

"हां. मला बी तसंच वाटतंय," तो म्हणाला, आणि त्या अंगणाचे अंश, मिनिटं, सेकंद सांगू लागला; मी ते लिहून घेतले.