इवाई आले की उठायचं

लकवा मारल्यावर बाबांना यवतमाळच्या एका दवाखान्यात भरती केलं, तेव्हा त्यांच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधली. हा पेशंट पडू शकतो, याला एकट्यानं उठू देऊ नका, असा तिचा अर्थ. डावा पाय साथ देत नव्हता आणि बाबांना ते पटत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ते पडले. डॉक्टरांनी मला बजावलं, पुन्हा पडले तर शनिवारी घरी जायचं विसरा, पलंगाला कठडे लागतील आणि चालणं बंद. मला बाबा घरी हवे होते, बाकी काही नको होतं.

पण ते पडले कसे, हे कागदावर लिहिताना पंचाईत झाली. घसरून नाही, चक्कर येऊन नाही. माझे सासरे भेटायला आले म्हणून पडले. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो, आणि मुलीच्या सासऱ्यासमोर मुलीच्या बापानं बसून राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासरे दारात दिसले, बाबा ताडकन उठले. क्षणभर उभे होते, मग नव्हते. सिस्टरनं कारणाच्या रकान्यात 'नातेवाईक' एवढंच लिहिलं.

फिजिओथेरपीच्या मॅडमपुढे मात्र बाबा ढिम्म. त्यांनी दहादा 'उठा काका' म्हटलं की बाबा एकदा मान हलवायचे. शेवटी मॅडमनी मला विचारलं, "तुमचे सासरे रोज येतील का हो?"

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. तरी ओशाळत फोन केला. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत सासरे रोज सकाळी पांढरकवड्याहून एसटीनं यायला लागले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मॅडमनी खूण केली की ते आत यायचे आणि बाबा उठायचे. बाबांच्या कमरेला पट्टा, त्याचं टोक माझ्या मुठीत. मग मॅडम सासऱ्यांना बाहेर पाठवायच्या. ते चूळ भरून परत यायचे, बाबा पुन्हा तेवढ्याच अदबीनं उठायचे. असं सकाळभरात पाच वेळा. आत्ताच तर भेटलो, असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं. माझा जीव टांगणीला आणि हे दोघं मानपान सांभाळून राहिले होते. संताप यायचा नुसता.

शुक्रवारी चालायच्या सरावाला जागा हवी म्हणून मॅडमनी खुर्ची बाहेर काढली होती. सासरे आले. बाबा उठले.

"बसा ना, इवाई," सासरे म्हणाले.

"पहिले... तुमी." आजारापासून बाबा असेच एकेक शब्द जुळवून बोलायचे.

सासऱ्यांना बसायला काहीच नव्हतं, आणि ते बसल्याशिवाय बाबा बसणार नव्हते. बाबांचा डावा गुडघा थरथरायला लागला. सासऱ्यांनी तो पाहिला आणि सरळ फरशीवर बसकण मारली. "हे घ्या, बसलो मी. आता बसा पलंगावर."

इवाई खाली आणि आपण पलंगावर? बाबांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी चांगल्या हातानं पलंगाचा दांडा धरला आणि खाली जायला सुरुवात केली. मी पट्टा वर ओढतेय, मॅडमनी खांदे धरलेत, आणि बाबा खालीच चाललेत. शेवटी सासऱ्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालायच्या बेतानं टेकले.

सिस्टर रजिस्टर घेऊन धावत आली. "पडले का?"

बाबांनीच तिच्याकडे मान वळवली. "पडलो नाही, बाई," ते म्हणाले. "इवाई खाली बसले, मंग मी वरतं कसा बसू?"

इतकं लांब वाक्य लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. सिस्टरनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी नकारार्थी मान हलवली, आणि रजिस्टर मिटलं.

माझ्या लग्नात गादी पातळ टाकली म्हणून मांडवातून उठून गेलेले माझे सासरे अजून फरशीवरच होते. त्यांनी उठायची दोनदा खटपट केली, गुडघ्यांनी ऐकलं नाही. "मले उठवा बाप्पा कोणीतरी," ते म्हणाले. मग त्यांनी बाबांकडे बोट केलं. "पण आधी यायले."